बोबिल घेऊन फ्योर्डांच्या मुलखात : आई, आम्ही दोघं आणि बारा दिवस

रानजाई (धागाकर्ती)

ऑगस्ट २०२४ मध्ये मी, नवरा आणि माझी आई असे तिघं बारा दिवस पश्चिम नॉर्वेत कॅम्परव्हॅनने फिरलो. तिथे या गाडीला 'बोबिल' म्हणतात. 'बो' म्हणजे राहणं, 'बिल' म्हणजे गाडी. परत आल्यापासून बरेच व्यनि (व्यक्तिगत निरोप) आले, म्हणून एकदाच बैजवार लिहून ठेवते.

व्हॅन बर्गनला घेतली, बर्गनलाच परत दिली. आधी हार्डांगर, मग सोग्ने, शेवटी गैरांगर, असे तीन फ्योर्ड, म्हणजे डोंगरांत आत शिरलेले समुद्राचे लांब, अरुंद फाटे. सगळं मिळून बाराशे किलोमीटरच्या आसपास. बारा दिवसांत एवढंच का, असं पुष्कळांनी विचारलं. मला विचाराल तर तेही जास्त झालं. पुन्हा गेले तर गैरांगर सोडून देईन आणि ते तीन दिवस हार्डांगरला देईन.

अंतराचा अंदाज पहिल्याच दिवशी आला. बर्गन ते आइडफ्योर्ड म्हणजे पुणे-मुंबईएवढं अंतर. सकाळी दहाला निघालो, मुक्कामी पोचलो संध्याकाळी साडेसहाला. रस्ता पाण्याच्या काठाकाठाने जातो, म्हणजे पाणी जिथे आत वळलं तिथे रस्ताही आत वळणार. वेगमर्यादा ८० ची, पण साडेतीन टनांची गाडी त्या वळणांवर ८० ने न्यायची नसते. मागे गाड्या साचल्या की बाजूच्या मोकळ्या जागेत शिरायचं, त्यांना जाऊ द्यायचं. जाणारा प्रत्येक जण हात वर करून जातो.

वाटेत नोर्हाइमसुंडला लागूनच स्टाइन्सडाल्सफोसेन आहे. धबधब्याच्या पडद्यामागून वाट काढलेली आहे आणि आई तिथवर सहज चालत गेली. मग हार्डांगरचा पूल. दोन खांबांमधलं अंतर १३१० मीटर, २०१३ साली खुला झाला, त्याआधी तिथे फेरी, म्हणजे गाड्या पलीकडे नेणारी बोट, चालायची. पुलाची दोन्ही टोकं थेट डोंगराच्या पोटात शिरतात आणि आत बोगद्यातच, निळ्या उजेडात, सर्कल आहे. आईने त्या सर्कलला आणखी एक फेरा मारायला लावला.

त्या रात्री नवऱ्याने केलेल्या तक्त्यातून लोफोटेन (पार उत्तरेकडची बेटं) आणि अटलांटिक रोड दोन्ही कटाप केले. ठरवलं, दिवसाला शंभर-सव्वाशे किलोमीटर, आणि चारच्या आत मुक्काम. ही एक गोष्ट केलीत तर बाकी सगळं आपोआप जमतं.

आई ७१ वर्षांची आहे, गुडघे दुखतात. रोज नवं हॉटेल, रोज बॅगा भरा-उपसा, हे तिला झेपलं नसतं. व्हॅनमध्ये तिचा पलंग तोच, तिची उशी तीच, तिचा चहाचा टोप तोच. टॉयलेट आतच. लांब निघालं की वयस्कर माणसं पाणी प्यायचं टाळतात ते कशामुळे, हे घरातल्या बायकांना सांगायला नको. बारा दिवस आई पोटभर पाणी प्यायली. व्हॅन घेतल्याचं सार्थक मला तिथेच झालं.

१९ ऑगस्टला नारळी पौर्णिमा होती. आईचं माहेर रेवदंड्याचं, तेव्हा हा दिवस ती विसरणं शक्य नाही. आम्ही हार्डांगरचाच फाटा असलेल्या सॉरफ्योर्डच्या पूर्व काठाला लोफ्टहुसजवळ, सफरचंदांच्या बागांमधल्या एका कॅम्पिंगवर होतो. तांदूळ, गूळ, लवंगा, सुकं खोबरं पुण्याहून नेलं होतं. तूप नेता येत नाही, दुधाचे आणि मांसाचे पदार्थ भारतातून तिकडे न्यायला बंदी आहे. मग अळणी लोणी विकत घेतलं आणि आईने ते व्हॅनच्या दोन बर्नरच्या शेगडीवर कढवलं. बेरी लाल होईपर्यंत ती शेगडीपासून हलली नाही. खिडकीच्या काचेवर वाफ धरली होती, छपराची झडप उघडी होती, आणि तो वास सगळ्या कॅम्पिंगभर गेला असणार, कारण शेजारच्या बोबिलमधल्या आजी पायरीशी येऊन उभ्या राहिल्या. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. नारळीभात मात्र दोघींनी एकाच बाकावर बसून खाल्ला.

जेवणं झाल्यावर आई धक्क्यावर गेली. पाण्यात एक फूल सोडलं, चार दाणे तांदूळ टाकले, मग बोट बुडवून जिभेला लावलं. म्हणाली, "अगं, हे खारट कुठाय?" खरंच, जेमतेम मचूळ होतं. समुद्राचंच पाणी ना ते? जाणकारांनी सांगावं.

चंद्र आमच्या पाठीमागच्या डोंगराआड होता, तो दिसलाच नाही. पलीकडच्या कड्याच्या माथ्यावर आधी उजेड पडला आणि तासाभरात सावकाश खाली पाण्यापर्यंत उतरला. आम्ही तिघं शाली गुंडाळून तेवढंच बघत बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी किन्सारविकहून फेरीने उट्नेला गेलो आणि पश्चिम काठाने ओड्डाकडे निघालो. हा रस्ता अरुंद आहे, हे वाचलेलं होतं. उजवीकडे बागेची दगडी भिंत, डावीकडे कठडा, खाली पाणी, आणि समोरून बस. चाक माझ्या हातात होतं. अशा रस्त्यांवर ठरावीक अंतरावर निळ्या पाटीवर पांढरा 'एम' असतो, म्हणजे समोरच्याला वाट द्यायची जागा. ज्याला ती जवळ, त्याने मागे जायचं. ती माझ्या मागे पन्नास-साठ मीटरवर होती. नवरा उतरून मागे उभा राहिला आणि मी आरशात फक्त त्याचा हात बघत व्हॅन इंचाइंचाने मागे घेतली. भिंतीवरून झुकलेल्या फांद्या छपराला घासत होत्या. बसवाला इंजिन चालू ठेवून स्वस्थ थांबला होता. त्याने हॉर्न दिला नाही, दिवे मारले नाहीत. मी बाजूला झाल्यावर शेजारून जाताना त्याने अंगठा वर केला.

ओड्डाच्या पुढे लोटेफोसेन आहे. १६५ मीटरचा जुळा धबधबा, आणि रस्ता जुन्या दगडी पुलावरून त्याच्या अगदी पायाशी. काचेवर तुषार असे आदळतात की वायपर लावावे लागतात. पावसाळ्यात माळशेजमधून गेलेल्यांना वेगळं सांगायला नको.

सोग्ने आणि पुढचं प्रतिसादांत लिहीन.

कातळखडा

वाखुसा (वाचनखूण साठवली)! ताई, लायसन्सचं काय केलंत? आणि उजव्या बाजूने चालवायची सवय किती दिवसांत झाली?

रानजाई

लायसन्स आपलंच, सोबत आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून नेला. तो वर्षभर चालतो. साडेतीन टनांपर्यंतची व्हॅन मोटारीच्या लायसन्सवर चालवता येते, म्हणून बुकिंग करताना वजन बघून घ्या. दिवे भर दुपारीसुद्धा चालू लागतात. दारूची मर्यादा ०.०२ टक्के, म्हणजे एक बिअरही नको.

उजव्या बाजूची सवय दोन दिवसांत होते. चूक होते ती पहाटे, रिकाम्या रस्त्यावर, पेट्रोल पंपातून बाहेर पडताना. समोर गाडी नसली की हात जुन्या सवयीने डावीकडे वळतो. आम्ही बाहेर पडताना दोघांनीही मोठ्याने "उजवीकडे" म्हणायचं ठरवलं होतं.

आणि उताराला ब्रेकवर गाडी सोडू नका. आपले घाटातले ड्रायव्हर सांगतात तेच तिथेही खरं, ज्या गिअरमध्ये घाट चढायचा त्याच गिअरमध्ये उतरायचा. गैरांगरजवळच्या डाल्स्निबा डोंगराच्या उतारावर एका व्हॅनच्या चाकांतून धूर येताना आम्ही पाहिला.

बर्गनकर

मी चौदा वर्षं बर्गनला आहे. धागा वाचून बरं वाटलं. काही गोष्टींची भर घालतो.

'फ्योर्ड'मधला ड इथे कोणी उच्चारत नाही. 'फ्योर' म्हणतात. 'सोग्ने'सुद्धा ऐकायला 'सोंगने' असं येतं. रस्ता विचारताना उपयोगी पडेल.

चौकात पाटी नसेल तर उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. गल्लीतून येत असला तरी. तुमच्या रस्त्यावर पिवळ्या चौकटीची पाटी असेल तरच हक्क तुमचा. पाहुण्यांच्या बऱ्याच धडका इथेच होतात.

आता महत्त्वाचं. 'नॉर्वेत कुठेही फुकट मुक्काम करता येतो' हे वाक्य इंटरनेटवर सगळीकडे आहे आणि ते अर्धंच खरं आहे. १९५७ च्या कायद्याने प्रत्येकाला मोकळ्या रानात हिंडायचा, तंबू ठोकायचा हक्क दिला. घरापासून किमान १५० मीटर लांब, आणि एका जागी दोन रात्रींपर्यंत. पण हा हक्क पायी चालणाऱ्याचा आहे. गाडी रस्ता सोडून रानात घालायला बंदी आहे. रस्त्याकडेच्या थांब्यावर, मनाईची पाटी नसेल तर, रात्र काढता येते. फ्योर्डांच्या गावांमध्ये अशा पाट्या वाढत चालल्यात. त्या का लागल्या, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. दीडशे-दोनशे वस्तीचं गाव, आणि सकाळी शेतकऱ्याच्या फाटकासमोर चार व्हॅन उभ्या. त्याला गवत कापायला ट्रॅक्टर बाहेर काढायचा असतो. कोणी टॉयलेटची टाकी ओढ्यात रिकामी करतं. त्या ओढ्याचं पाणी खालची मेंढरं पितात. टाकी रिकामी करायच्या जागा पंपांवर, कॅम्पिंगवर असतात, तिथेच करा. मी कळकळीने सांगतोय, कारण हा कायदा इथल्या माणसांच्या जिव्हाळ्याचा आहे आणि तो एकमेकांच्या भरवशावर टिकलाय.

त्याच हक्कातला गोड भाग म्हणजे रानातली फळं. ऑगस्टमध्ये डोंगरउतारावर ब्लूबेरीची झुडपं गुडघ्याच्याही खाली, गच्च भरलेली असतात. डबा घेऊन जा. लहानपणी करवंदांच्या जाळीत घुसलेल्यांना इथे काटेसुद्धा नाहीत.

दगडगोटे

रानजाईताई, तुमच्या आईंनी अगदी नेमका प्रश्न विचारला.

पाणी समुद्राचंच आहे. पण उन्हाळ्यात डोंगरावरचं बर्फ वितळून आणि पावसाने शेकडो ओढे फ्योर्डात उतरतात. गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं, म्हणून ते वर तरंगतं. फ्योर्डाच्या आतल्या टोकाला वाऱ्याने, लाटांनी ते फारसं ढवळलं जात नाही. बोट बुडवलं तर मचूळ लागतं, काही मीटर खाली मात्र खराखुरा समुद्र असतो. हिमनदीने दगड दळून केलेलं पीठ त्या वरच्या पाण्यात मिसळलं की हिरवट-निळा रंग येतो.

आपल्या खाड्या म्हणजे नद्यांची बुडालेली खोरी. दाभोळ घ्या, विजयदुर्ग घ्या, उथळ आणि गाळाने भरलेल्या. फ्योर्ड हिमनदीने खरवडून काढलेला असतो. सोग्नेफ्योर्ड २०० किलोमीटरहून लांब आणि सर्वांत खोल जागी १३०० मीटरच्या वर. सिंहगडाची समुद्रसपाटीपासूनची उंची साधारण तेवढीच आहे, म्हणजे अख्खा सिंहगड उलटा करून बसवला असता! पण मुखापाशी तळ वर येतो, २०० मीटरच्याही आत. कारण समुद्राजवळ पोचेपर्यंत बर्फ पसरलं, पातळ झालं, त्याची खरवडायची ताकद संपली.

गैरांगरबद्दल एक सांगायलाच हवं. त्याच फ्योर्डांच्या जाळ्यात ओकर्नेस नावाचा डोंगर आहे. त्याला मोठी भेग पडलीय आणि ती दरवर्षी काही सेंटिमीटरनी रुंदावतेय. तो कडा पाण्यात कोसळला तर उठणारी लाट हेलेसिल्ट आणि गैरांगर गावांवर येईल. शेजारच्या ताफ्योर्डमध्ये ७ एप्रिल १९३४ च्या रात्री हेच झालं होतं. कडा कोसळला, लाट सर्वांत उंच जागी ६० मीटरच्या वर चढली, ४० माणसं गेली. आज ओकर्नेसवर रात्रंदिवस उपकरणं लावलेली आहेत, गावांत भोंगे आहेत, कोणी कुठे जायचं ते ठरलेलं आहे.

२०१४ चं माळीण, २०२१ चं तळिये, २०२३ ची इर्शाळवाडी. मी दरडींवरच काम करतो, त्यामुळे ओकर्नेसबद्दल वाचताना दरवेळी ही तीन नावं डोळ्यांपुढे येतात. आपली दरड पावसाने भिजलेल्या मातीची, तिकडची खडकाची. दोन्हींचं शास्त्र वेगळं आहे, हे मान्य. पण पळायच्या वाटा आधी आखून ठेवायला ते आड येत नाही.

खाऊगल्ली

तो तपकिरी चीज खाल्लात का? आणि भाज्यांचं काय केलंत?

रानजाई

दगडगोटे, तुमचा प्रतिसाद आईला मोठ्याने वाचून दाखवला. तिने माळीणचा भाग पुन्हा वाचायला लावला.

खाऊगल्ली, ब्रुनोस्ट म्हणजे चीजच्या उरलेल्या पाण्याला (बऱ्याचदा शेळीच्या दुधाच्या) आटवून आटवून केलेली वडी. किंचित खारट, बरीचशी गोड. आई म्हणाली, कढईला खालून लागलेला खवा. उंड्रेदालला शेळीच्या दुधाचा घरगुती मिळाला. गाव शंभरेक वस्तीचं, माणसांपेक्षा शेळ्या जास्त.

फेरीवर 'स्वेले' जरूर खा. जाडसर गोड धिरडं, लोणी-साखर किंवा ब्रुनोस्ट घालून दुमडलेलं, गरम. भाज्या म्हणजे कोबी, गाजर, बटाटा, फ्लॉवर, कांदा. रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात, शनिवारीच भरून घ्यायचं. हार्डांगरमध्ये रस्त्याकडेला फळांच्या टपऱ्या आहेत, आत माणूस नाही. डब्यात पैसे टाका किंवा फोनवरून द्या, पिशवी उचला. आम्ही प्लम घेतले. आईने सुटे पैसे दोनदा मोजून टाकले.

आता राहिलेला प्रवास. नॅरॉयफ्योर्डमध्ये बोटीने गेलो, पाऊस होता, म्हणून आणखी छान. सर्वांत अरुंद जागी दोन्ही कड्यांमध्ये अडीचशे मीटर. औरलानहून स्टेगास्टाइनला, म्हणजे डोंगरावरून फ्योर्ड बघायच्या सज्जाला, मात्र व्हॅन नेली नाही. रस्ता अरुंद, वळणं नागमोडी. खाली लावून बसने गेलो आणि ते फार बरं केलं. मग लॅरडालचा बोगदा, २४.५ किलोमीटर, २००० सालचा. चालकाचा डोळा लागू नये म्हणून मध्ये तीन ठिकाणी गुहेसारखी मोठी दालनं खोदून निळा-पिवळा उजेड सोडलाय. बाहेर पडल्यावर पुढे बोर्गुंडचं लाकडी चर्च. साधारण ११८० चं, काळ्या डांबराचा वास येणारं. सतत डांबर फासतात म्हणून टिकलंय.

फ्यॅरलान गावात जुन्या गोठ्यांतून, शेडांतून पुस्तकांची दुकानं आहेत. आपलं भिलार आठवलं. ब्रिक्सडाल हिमनदी पाहून मन खट्टू झालं. १९९० च्या दशकात ती खालच्या तळ्यापर्यंत पोचलेली होती, तसे फोटो आहेत. आता तळ्यापाशी उभं राहून मान वर करून शोधावी लागते. ट्रोलस्टिगेनचा नागमोडी घाट त्या उन्हाळ्यात दरडींमुळे बंद होता. गैरांगरला दोन मोठी जहाजं लागलेली, गाव माणसांनी फुललेलं. धबधबे सुंदर आहेत, त्यात शंकाच नाही. पण फ्योर्ड शांतच बघावा.

लालडबा

मी थोडं वेगळं मत मांडतो. आम्ही दोघं छोटी गाडी भाड्याने घेऊन कॅम्पिंगवरच्या लाकडी खोल्यांत राहिलो. त्यांना 'हिट्टे' म्हणतात. स्वयंपाकाची सोय आहे, चादरी आपल्या नेल्या तर स्वस्त पडतं. डिझेल निम्मं लागलं आणि औरलानचा डोंगररस्ता गाडीनेच केला. पाऊस लागला की ओले बूट व्हॅनमध्ये वाळवणार कुठे? व्हॅनचं भाडं पाहता मला हिट्टेच पटतं.

रानजाई

लालडबा, दोन धडधाकट माणसं असाल तर तुमचंच बरोबर आहे. ओल्या कपड्यांचा त्रास आम्हालाही झाला, तीन दिवस व्हॅनला कुबट वास होता. पण बऱ्याच साध्या हिट्ट्यांचं टॉयलेट बाहेर, सामायिक असतं. रात्री दोनला पावसात आईला तिथवर न्यायचं म्हटलं की माझं उत्तर बदलतं.

खर्चाचं म्हणाल तर एक जपा. फेरीवर आणि टोलवर कॅमेरा नंबरप्लेट टिपतो, पैसे नंतर येतात. माणसांचं वेगळं तिकीट बहुतेक फेऱ्यांवर नाही, दर गाडीच्या लांबीवर. सहा मीटरच्या वर गेलं की एकदम वाढतो, म्हणून ५.९९ मीटरची व्हॅन मागा. आमच्या भाडेकंपनीने दोन महिन्यांनी बिल पाठवलं आणि प्रत्येक फेरीमागे स्वतःचा वेगळा आकार लावला. तो करारात बारीक अक्षरात होता. सही करण्याआधी 'टोल आणि फेरीवर तुमचा आकार किती' हे विचारा आणि लेखी घ्या. आणि छपराचे फोटो काढून ठेवा. उट्नेच्या फांद्यांचे ओरखडे जुने की नवे, यावर आमचा अर्धा तास गेला.

कातळखडा

आमचं पुढच्या मे महिन्याचं घाटतंय, फळबागांचा बहर बघायला. सगळे रस्ते उघडे असतात का?

बर्गनकर

बहर साधारण मेच्या मध्यावर, थंडीप्रमाणे आठवडाभर पुढे-मागे. हार्डांगरचे काठाचे रस्ते वर्षभर चालू असतात. औरलानचा डोंगररस्ता मात्र सहसा जूनपर्यंत उघडत नाही, त्याला धरू नका, लॅरडालच्या बोगद्यानेच जा. हवामानासाठी 'यर' हे ॲप घ्या, रस्त्यांसाठी १७५ वर फोन करा, इंग्रजीत बोलतात.

१७ मे हा इथला राष्ट्रीय दिन, १८१४ च्या राज्यघटनेचा. त्या दिवशी मोठ्या शहरात थांबू नका, उट्ने किंवा लोफ्टहुससारख्या गावात असा. सकाळी मुलांची मिरवणूक निघते, सगळे पारंपरिक पोशाखात, मागे बहरलेली झाडं. दुकानं बंद असतात, किराणा १६ तारखेलाच भरा. आणि घरून जरीचं काही नेलंत तर घालाच, त्या दिवशी त्यांना फार आवडतं.